चंद्राचे थर वाचणारा भूवैज्ञानिक

पौर्णिमेच्या रात्री साधी दुर्बीण चंद्राकडे वळवली, तर दोन गोष्टी चटकन नजरेत भरतात. एक म्हणजे काळसर, सपाट दिसणारे प्रदेश. त्यांना 'सागर' म्हणण्याची जुनी पद्धत आहे, पण त्यांत पाण्याचा थेंब नाही. दुसरी म्हणजे काही विवरांभोवती चहूकडे फाकलेले पांढरे किरण. ही विवरे कशामुळे झाली असतील? ज्वालामुखीमुळे, की आकाशातून काही येऊन आदळल्यामुळे? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञही या दोन उत्तरांत विभागलेले होते आणि पुष्कळांचा कल ज्वालामुखीकडे होता. हा वाद मिटवण्यात अमेरिकन भूवैज्ञानिक युजीन शूमेकर (१९२८-१९९७) यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या कामाकडे पाहताना एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. चंद्राच्या या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधी पृथ्वीवरच्या दगडांत शोधले.

तर्क बरोबर, गृहीतक चुकीचे

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे आणि १७० मीटर खोलीचे एक विवर आहे. त्याच्या आसपास लोखंडी अशनींचे तुकडे सापडतात. १८९१ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे प्रमुख भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट ते पाहायला गेले. त्यांनी दोन कसोट्या लावल्या. विवराखाली मोठा लोखंडी गोळा पुरलेला असेल, तर चुंबकसूची विचलित व्हायला हवी. शिवाय काठावर साचलेला मालमसाला खड्ड्यात परत भरला, तर गोळ्याने व्यापलेल्या जागेइतका तो शिल्लक उरायला हवा. चुंबकसूची हलली नाही आणि काठाचा माल खड्ड्याच्या मापाइतकाच भरला. गिल्बर्ट यांनी निष्कर्ष काढला की विवर भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने झाले.

गंमत अशी की याच गिल्बर्ट यांनी पुढच्या वर्षी दुर्बिणीतून चंद्राचे निरीक्षण केले आणि तिथली विवरे मात्र आघाताने झाली असे प्रतिपादन केले. म्हणजे चंद्राबाबत ते बरोबर होते आणि पायाखालच्या विवराबाबत चुकले! त्यांच्या तर्कात खोट नव्हती. खोट होती ती गृहीतकात. आदळलेला गोळा खड्ड्यात शाबूत राहतो असे त्यांनी धरले होते. सुमारे ५० मीटर व्यासाचा गोळा सेकंदाला दहा किलोमीटरहून अधिक वेगाने आदळला, तर त्याचा बहुतेक भाग वितळतो, वाफ होऊन जातो किंवा दूर विखुरतो. मग पुरलेले लोखंड सापडणार कुठून? डॅनिअल बॅरिंजर या खाणव्यावसायिकाने १९०३ पासून पुढची अनेक वर्षे तिथे लोखंडासाठी खोदकाम केले. विवर आघाताचेच आहे हा त्याचा विश्वास खरा होता, पण लोखंडाचा साठा काही हाती लागला नाही.

उलटलेले थर

शूमेकर १९४८ मध्ये याच सर्वेक्षण विभागात दाखल झाले. सुरुवातीचे काम होते कोलोराडो आणि युटामध्ये युरेनियमचा शोध घेण्याचे. पुढे नेव्हाडातील अणुचाचण्यांनी पडलेल्या खड्ड्यांचा अभ्यास करण्याची संधी त्यांना मिळाली. या खड्ड्यांच्या काठावर त्यांना एक विशिष्ट रचना दिसली. जमिनीचे थर वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला पालथे पडले होते. त्यामुळे एरवी वर असणारा थर खाली आणि खालचा वर, असा उलटा क्रम झाला होता. ॲरिझोनाच्या विवराच्या काठाचा त्यांनी बारकाईने नकाशा केला, तेव्हा तिथेही हाच उलटा क्रम आढळला. एका ठिकाणी अचानक प्रचंड ऊर्जा मोकळी झाल्याची ही खूण होती. या विवरावरच्या संशोधनासाठी प्रिन्स्टन विद्यापीठाने १९६० मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली.

पण अशी ऊर्जा पृथ्वीच्या पोटातूनही आली असेल, ही शंका उरत होती. तिचे उत्तर एका खनिजाने दिले. वाळूचा कण म्हणजे बहुधा क्वार्ट्झ, म्हणजेच गारगोटी. १९५३ मध्ये लोरिंग कोज या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली या द्रव्याचे अधिक घन रूप तयार केले होते. त्याला कोएसाइट हे नाव मिळाले. ते तयार व्हायला वातावरणाच्या दाबाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब लागतो. पृष्ठभागाजवळच्या ज्वालामुखीच्या स्फोटात एवढा दाब निर्माण होत नाही. १९६० मध्ये एडवर्ड चाओ, शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोना विवराच्या वालुकाश्मात नैसर्गिक कोएसाइट असल्याचे जाहीर केले. लगेच पुढे जर्मनीतील रीस या सुमारे २४ किलोमीटर व्यासाच्या खोलगट प्रदेशातल्या खडकातही ते सापडले. त्या प्रदेशातील नॉर्डलिंगेन गावचे जुने चर्च याच खडकाने बांधलेले आहे. ज्याला ज्वालामुखीचा दगड समजत, तो आघाताचा निघाला.

हीच पद्धत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारलाही लागू पडली. तिथला खडक बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पत्थर. त्यात गारगोटीचे कण नसल्यासारखेच, त्यामुळे कोएसाइटची कसोटी चालत नाही. मात्र बेसॉल्टमधील फेल्डस्पार हे खनिज आघाताच्या दाबाने न वितळताच काचेसारखे होते. तशी काच लोणारला मिळाली आणि १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते आघात-विवर असल्याचे दाखवून दिले. चंद्राचे 'सागर'ही बेसॉल्टचेच असल्यामुळे लोणारला वेगळे महत्त्व आहे.

न जाता केलेला नकाशा

आघात हे कारण मान्य झाल्यावर शूमेकर यांनी पुढचा प्रश्न घेतला : कोणते विवर आधीचे आणि कोणते नंतरचे? भूशास्त्राचा पहिला धडा सांगतो की न उलटलेल्या थरांत खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. दुर्बिणीतून काढलेल्या छायाचित्रांना त्यांनी हाच नियम लावला. कोपर्निकस विवराचे पांढरे किरण आजूबाजूच्या सगळ्यावर पसरलेले दिसतात, म्हणून ते सर्वांत अलीकडचे. शेजारचे एराटोस्थेनीस विवर 'सागरा'च्या लाव्हावर आहे, पण त्याचे किरण पुसले गेले आहेत, म्हणून ते त्याआधीचे. लाव्हा त्याहून जुना. आणि ज्या इंब्रियम खोऱ्यात तो भरला, ते खोरे त्याच्याही आधीचे. अशा रीतीने त्यांनी आणि रॉबर्ट हॅकमन यांनी चंद्राच्या इतिहासाचे कालखंड पाडले. पुढे अपोलो मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली, तेव्हा या क्रमाला वर्षांचे आकडे मिळाले. इंब्रियमचा आघात सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वीचा ठरला. 'सागर' मात्र खरोखरच लाव्हाचे निघाले. जुन्या वादातील ज्वालामुखीचा पक्ष तेवढ्यापुरता बरोबर होता.

स्वतःसाठी नसलेली जागा

चंद्रावर जाऊन हातोडीने दगड फोडावा, ही शूमेकर यांची तरुणपणापासूनची इच्छा होती. १९६१ मध्ये त्यांनी सर्वेक्षण विभागात खगोल-भूशास्त्राची शाखा उभी केली. परंतु १९६३ मध्ये त्यांना ॲडिसनचा विकार असल्याचे निदान झाले. यात अधिवृक्क ग्रंथी पुरेशी संप्रेरके तयार करत नाहीत. अंतराळवीर होण्याचा मार्ग तिथेच बंद झाला.

यानंतर त्यांनी केले ते काम आम्हाला अधिक मोलाचे वाटते. अंतराळवीरांना त्यांनी ॲरिझोनाच्या विवरात नेऊन दगड ओळखायला शिकवले. शास्त्रज्ञांमधून अंतराळवीर निवडण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी इतरांची पारख केली. त्यांच्याच शाखेत काम केलेले हॅरिसन श्मिट डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ मधून चंद्रावर उतरले. तिथल्या करड्या मातीत त्यांना नारिंगी मातीचा पट्टा दिसला. प्राचीन ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले ते काचमणी होते. अपोलोत विज्ञानाला दुय्यम स्थान मिळते, अशी टीकाही शूमेकर यांनी उघडपणे केली होती.

नंतर ते आदळणाऱ्या वस्तूंकडे, म्हणजे लघुग्रह आणि धूमकेतूंकडे वळले. पत्नी कॅरोलिन आणि डेव्हिड लेव्ही यांच्यासह मार्च १९९३ मध्ये त्यांनी शोधलेला धूमकेतू जुलै १९९४ मध्ये तुकड्यातुकड्यांनी गुरूवर आदळला. आघात ही केवळ भूतकाळातली गोष्ट नाही, हे सर्व जगाने पाहिले.

१८ जुलै १९९७ रोजी ऑस्ट्रेलियात विवरांचा अभ्यास करत असताना मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. जानेवारी १९९८ मध्ये निघालेल्या 'लूनर प्रॉस्पेक्टर' यानातून त्यांची थोडी रक्षा पाठवण्यात आली. ३१ जुलै १९९९ रोजी हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका विवरात मुद्दाम आदळवले गेले. त्या विवराला आता शूमेकर यांचेच नाव आहे.

वर्गात करून पाहा

परातीत रांगोळीचा जाड थर द्या आणि वर हळदीचा पातळ थर पसरा. मुलांना वेगवेगळ्या उंचीवरून दोन-तीन गोट्या टाकू द्या. खालची पांढरी रांगोळी बाहेर उडून किरण तयार होतील. आता ज्यांनी गोट्या टाकताना पाहिले नाही, अशा मुलांना बोलावून विचारा : कोणता खड्डा आधीचा? कशावरून? शेवटी खड्ड्यात पडून राहिलेल्या गोटीकडे बोट दाखवून विचारा : चंद्रावरच्या विवरात अशी गोटी सापडेल का? गिल्बर्ट यांना चकवणारा प्रश्न हाच होता. मुलांना त्यावर हवा तेवढा वेळ भांडू द्यावे.