टेकडीवरचे विद्यापीठ आणि टेकडीखालची वस्ती

परदेशी शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कला निघालेल्या आपल्या मुलामुलींना विमानात बसण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर एक नकाशा मिळतो. कोलंबिया विद्यापीठाच्या पूर्वेला मॉर्निंगसाइड पार्क आहे, अंधार पडल्यावर तिथे जायचे नाही. पार्कच्या खाली हार्लेम आहे, तिकडे शक्यतो जायचेच नाही, 'ते लोक' मोबाइल हिसकावतात, चाकू दाखवतात. असा सल्ला देणारा सिनियर पूर्वी सवर्ण असायचा. आता तो जय भीम घालणारा आपलाच भाऊही असतो आणि त्याचे शब्द मात्र तेच असतात.

लुटमारीची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये याच पार्कमध्ये, मध्यरात्री नव्हे तर संध्याकाळी, बार्नार्ड महाविद्यालयाच्या १८ वर्षांच्या विद्यार्थिनीचा लुटीच्या प्रयत्नात भोसकून खून झाला. त्यात पकडलेली मुले १३-१४ वर्षांची होती. एका घराची लेक गेली. त्यावर तत्त्वज्ञान सांगणे निर्दयपणाचे आहे. आमचा वाद आहे तो 'ते लोक' या दोन शब्दांशी.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. टेकडीवरच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. नेमक्या त्याच काळात दक्षिणेकडच्या राज्यांतून वंशभेदाला कंटाळलेली कृष्णवर्णीय कुटुंबे हार्लेममध्ये येऊन राहू लागली होती. पुढे १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने अमेरिकेतल्या शहरांचे नकाशे रंगवले. ज्या वस्तीत कर्ज देणे 'धोक्याचे', ती लाल. हार्लेम लाल झाले. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पडकी घरे. आणि पडकी घरे दिसली की 'हे लोकच असे'. गावकुसाबाहेर ढकलायचे आणि मग घाणीत राहतात म्हणून नावे ठेवायची, हा खेळ आपल्याला नवा नाही.

१९४७ मध्ये टेकडीवरच्या १४ संस्थांनी मिळून 'मॉर्निंगसाइड हाइट्स इन्कॉर्पोरेटेड' ही संस्था काढली. अध्यक्ष डेव्हिड रॉकफेलर. परिसर 'खालावतो' आहे, त्याला सावरायचे, हा हेतू. सावरणे म्हणजे काय, ते पुढच्या वीस वर्षांत दिसले. जुन्या चाळवजा इमारती पाडल्या गेल्या. ज्या इमारतींत गरीब माणसे एकेका खोलीत भाड्याने राहत, त्या विद्यापीठाने विकत घेऊन रिकाम्या केल्या. हजारो भाडेकरू बाहेर पडले, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोचे. या हुसकावणीला दिलेल्या कारणांत गुन्हेगारी आणि विद्यार्थ्यांची सुरक्षितता ही ठळक होती. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शहरीकरणावर बरेच काही वाचले, पण एखादे विद्यापीठ घरमालक कसे होते, हे तिथे कोणी शिकवले नाही.

मग आली ती व्यायामशाळा. मॉर्निंगसाइड पार्क ही सार्वजनिक जागा, तिचा दोन एकरांहून थोडा मोठा तुकडा कोलंबियाने भाडेपट्ट्याने घेतला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये खोदकाम सुरू केले. आराखडा असा होता : उतारावर इमारत, वरच्या बाजूने विद्यार्थ्यांचे दार, खालच्या बाजूने हार्लेमच्या रहिवाशांचे दार. रहिवाशांच्या वाट्याला इमारतीचा लहानसा हिस्सा. वेगळे दार, वेगळा पाणवठा, वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आराखडा समजायला वास्तुविशारद लागत नाही. हार्लेमच्या लोकांनाही तो लगेच समजला. दक्षिणेतल्या 'जिम क्रो' कायद्यांवरून त्यांनी या व्यायामशाळेला 'जिम क्रो' म्हटले. इंग्रजीत व्यायामशाळेलाही जिमच म्हणतात.

२३ एप्रिल १९६८ रोजी विद्यार्थी उठले. व्यायामशाळेला आणि विद्यापीठाच्या युद्धविषयक संशोधनाला विरोध करत त्यांनी पाच इमारती ताब्यात घेतल्या. हॅमिल्टन हॉल कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या हाती होता आणि हार्लेममधून त्यांना जेवण येत होते. ज्या वस्तीची भीती दाखवली जात होती, तीच त्यांना खाऊ घालत होती! ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत घुसले, सुमारे ७०० जणांना अटक झाली. पण व्यायामशाळा कायमची थांबली. खोदलेल्या खड्ड्याचे पुढे तळे आणि धबधबा झाला. आज ज्या पार्कात जाऊ नका म्हणतात, त्यात ते तळे आहे.

पुढची दोन दशके शहरासाठी खरोखर वाईट होती. बेकारी, हेरॉइन, नंतर क्रॅक. १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन हजारांहून अधिक खून झाले. २०१७ मध्ये ती संख्या तीनशेच्या आत होती. शहर इतके बदलले, व्हॉट्सअ‍ॅपवरचा नकाशा बदलला नाही.

असा नकाशा माणसांचे काय करतो, तेही पाहा. एप्रिल १९८९ मध्ये सेंट्रल पार्कमध्ये एका स्त्रीवर भयंकर हल्ला झाला. १४ ते १६ वर्षांच्या पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना पकडले, कबुलीजबाब वदवून घेतले, तुरुंगात घातले. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि डीएनए पुरावा पुढे आला, तेव्हा शिक्षा रद्द झाल्या. आणि एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या खुनाच्या आठच महिने आधी, बार्नार्डच्या ग्रंथालयात ओळखपत्र दाखवले नाही म्हणून कोलंबियाच्याच कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सुरक्षारक्षकांनी धरून काउंटरवर दाबले. तो तिथलाच होता, त्याचा रंग 'खालच्या वस्ती'चा होता.

आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने चोर ठरवल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, जागेवर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आजही चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी गाडी जाते. हे ठाऊक असलेल्या माणसाने हार्लेमबद्दल 'ते लोक' म्हणावे?

मग जाणाऱ्यांना काय सांगायचे? रात्री एकटे फिरू नका, दोघे-तिघे मिळून निघा. कानात हेडफोन आणि हातात उघडा मोबाइल घेऊन चालू नका. पासपोर्ट खोलीवर कुलपात, त्याची प्रत जवळ. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवा. रात्री सोबतीची काय सोय आहे, हे विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात विचारा. कोणी अडवले तर फोन-पाकीट देऊन टाका, झटापट नको, सुरक्षित जागी पोहोचून ९११ ला फोन करा. आणि दिवसाउजेडी टेकडी उतरून हार्लेममध्ये जा. १३५ व्या रस्त्यावर कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे शोम्बर्ग केंद्र आहे, तिथे बसून वाचा. लुटले गेलात तर पोलीस विचारतील, कसा दिसत होता? कपडे, उंची, कोणत्या दिशेने पळाला, जे पाहिले तेवढे सांगा. चेहरा दिसला नसेल तर दिसला नाही असेच सांगा.