असेंद्रिय रसायनशास्त्र : सातारा-सांगलीच्या मातीतील आवर्त सारणी

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याची गाठ आरंभीच पडते ती आवर्त सारणीशी. सांगलीत १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय असो, वा रयत शिक्षण संस्थेचे साताऱ्यातील यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. असेंद्रिय (अकार्बनी) रसायनशास्त्राचा पाया म्हणजे हाच तक्ता. एस, पी, डी आणि एफ हे मूलद्रव्यांचे चार खंड, आयनांच्या त्रिज्या, संयुजा, क्षारांची विद्राव्यता हा सारा मजकूर बहुधा परीक्षेपुरता पाठ केला जातो. वास्तविक त्यातील कितीतरी नियम या दोन जिल्ह्यांच्या जमिनीत प्रत्यक्ष पाहावयास मिळतात, आणि सांगलीकडील शेतकऱ्याला तर त्यांची किंमत पिकाच्या रूपाने मोजावी लागते.

रशियन शास्त्रज्ञ मेंडेलेयेव्ह यांनी १८६९ मध्ये अणुभारांच्या क्रमाने मूलद्रव्यांची मांडणी केली. १९१३ मध्ये मोजली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने अणुक्रमांक हाच खरा आधार असल्याचे दाखवून दिले. आज सारणीत ११८ मूलद्रव्ये असून, निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसाइन व ओगानेसॉन या चौघांची नावे २०१६ मध्ये निश्चित झाली. विज्ञान शाखेचे पदवी शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीतून होत असले, तरी या विषयाची मराठी परिभाषा रुळविण्यात ज्या मराठी विश्वकोशाचा मोठा वाटा आहे, तो सातारा जिल्ह्यातील वाई येथेच सिद्ध झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात नुसते ‘व्हॅलन्सी’ ऐकलेल्या विद्यार्थ्याने तेथील ‘संयुजा’ हा शब्द एकदा पाहावा. जोडले जाण्याची कल्पना त्या शब्दातच आहे.

आता मातीकडे वळू. दोन्ही जिल्ह्यांचा पाया एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला काळा बेसाल्ट खडक. त्यात वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका. शिवाय ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडे सोडियम. परंतु महाबळेश्वर, पाचगणी किंवा कासच्या सड्यावर पायाखाली असतो तो तांबडा, सच्छिद्र जांभा. उष्ण, दमट हवामानात लाखो वर्षे पाणी झिरपत राहिले, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका विरघळून निघून गेली, आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे जागच्या जागी राहिली. ॲल्युमिनियमचे प्रमाण पुरेसे वाढले की त्यालाच बॉक्साइट म्हणतात. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत.

कोण वाहून गेले आणि कोण राहिले, हे ठरते आयनाचा विद्युत्भार आणि त्याची त्रिज्या यांच्या गुणोत्तरावर. सोडियम आयनाची त्रिज्या सुमारे १०२ पिकोमीटर आणि भार एक. असा आयन भोवती पाण्याचे रेणू घेऊन सुखाने विरघळलेला राहतो. ॲल्युमिनियमच्या आयनाची त्रिज्या अवघी ५४ पिकोमीटर आणि भार मात्र तीन. तो पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन इतक्या जोराने ओढतो की त्यातून हायड्रोजन आयन सुटतो आणि न विरघळणारे हायड्रॉक्साइड तयार होते. फेरिक लोहाची गोष्टही अशीच.

महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड असे करीत सांगलीत येते. तिच्या खोऱ्यातील खडक झिजून सुटलेले क्षार पाण्याबरोबर सखल भागाकडे सरकत असतात. सांगलीकडे पाऊस कमी आणि काळी जमीन खोल. त्यात वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला बारमाही पाणी मिळू लागले, निचऱ्याची सोय मात्र तेवढी झाली नाही. भूजलाची पातळी वर आली, पाण्याची वाफ झाली आणि क्षार पृष्ठभागावर उरले. पांढरा थर दिसणारी ती क्षारयुक्त जमीन. याहून वाईट अवस्था चोपण जमिनीची. तिच्या चिकणमातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलेले असते आणि सामू साधारणतः ८.५ हून अधिक असतो. ती ओली असता चिखल, वाळली की दगड.

यामागील कारण फार उद्बोधक आहे. कॅल्शियम आयनाची त्रिज्या सुमारे १०० पिकोमीटर, म्हणजे सोडियमच्या जवळजवळ एवढीच; भार मात्र दुप्पट. तो ऋणभारित चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतो. एकेरी भाराच्या सोडियमला ते साधत नाही; कण सुटे होतात, मातीतील छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. म्हणून चोपण जमिनीला जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालतात. कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सोडियम सल्फेट पाण्यात उतरते. जमिनीत चुनखडी मुळातच भरपूर असेल तर गंधक घातले तरी चालते. जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, त्या आम्लाने चुनखडीतला कॅल्शियम मोकळा होतो. मात्र भूमिगत निचऱ्याच्या नळ्या किंवा चर नसतील, तर हा सारा खर्च वाया जातो. सोडियमचे नेहमीचे सारेच क्षार विद्राव्य. त्यांना जमिनीत अडकवून ठेवण्याचा उपाय नाही, वाट करून देणे एवढेच हाती असते.

डी-खंडाचे धडे द्राक्षबागेत मिळतात. तासगावकडील चुनखडीयुक्त जमिनीत लोह असते, तरीही वेलीची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सामू एका अंकाने वाढला की मुक्त फेरिक आयनाचे प्रमाण हजारपटीने घटते, म्हणून नुसते हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फारसे साधत नाही. लोहाला अनेक बाजूंनी पकडून विद्राव्य ठेवणारे चिलेट द्यावे लागते. ईडीटीएचे चिलेट अशा जमिनीत फार टिकत नाही, ईडीडीएचएचे टिकते. सहसंयोजी संयुगांचे प्रकरण कोरडे वाटणाऱ्याने दोहोंच्या किमतीही विचारून पाहाव्यात.

केवड्यावर फवारतात ते बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्धीस आणले. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच कळीचा चुना लागतो. चुना शुद्ध नसेल तर अधिक. चुना कमी पडला तर तांब्याचे मोकळे आयन पाने जाळतात. त्याची परीक्षा बागाईतदार स्वच्छ लोखंडी सुरी किंवा विळा मिश्रणात बुडवून करतात. अभिक्रियाशीलतेच्या क्रमात लोह तांब्याच्या वर असल्याने मोकळे तांबे असल्यास ते पात्यावर तांबूस थर होऊन बसते. तसा थर दिसला की चुन्याची निवळी आणखी घालायची आणि पाते पुसून पुन्हा बुडवायचे.