‘हम लोग’मधली भागवंती आणि माझा फसलेला आराखडा

पीएच.डी.च्या पहिल्या आराखड्यात मी एक वाक्य ठामपणे लिहिलं होतं: ‘हम लोग’ने स्त्रीच्या सोशिकपणावर टीका केली. मालिका मिळेल तेवढी बघितली होती, संवाद वहीत उतरवून घेतले होते. घरी आईला सहज सांगितलं तर ती म्हणाली, "कसली टीका? भागवंती होती म्हणून ते घर उभं होतं."

जुन्या मालिकांवर काम करायचं ठरवलं असेल तर हा खड्डा तुमच्याही वाटेत आहे, म्हणून सांगते.

‘हम लोग’ दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ ला सुरू झाली आणि १५६ भाग चालली. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. मूळ कल्पना मात्र मेक्सिकोची. तिथे मिगेल साबिदो मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार करत होते. ते बघून आपले तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री वसंत साठे यांनी हा प्रयोग भारतात आणायचं मनावर घेतलं. साबिदोंचं गणित सोपं: एक पात्र चांगलं वागणारं, एक वाईट, एक मधे घुटमळणारं, ज्याला त्याला कर्माचं फळ पडद्यावरच मिळतं. सुरुवातीच्या तेरा भागांत उपदेश इतका ठासून भरला की लोक कंटाळले, मग तो पातळ करावा लागला. (सरकारी खीर, साखर जास्तच.) प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोध समजावून सांगायचे, तो भाग मात्र लोकांना आवडायचा.

या गणितात दारुड्या बसेसर रामची बायको भागवंती म्हणजे ‘असं राहू नका’ याचं उदाहरण. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा कितीतरी बायकांना तीच आदर्श वाटत होती. म्हणजे माझी आई एकटी नव्हती! मी लेखकाचा हेतू वाचला होता आणि त्यालाच परिणाम म्हणून मोकळी झाले होते.

मग वाटलं, पत्रं बघावीत. मालिकेला सुमारे चार लाख पत्रं आली असं सांगतात. पण थांबा. पत्र कोण लिहितं? ज्याला लिहिता येतं, वेळ आहे, पोस्टात जाणारं कुणी घरात आहे. आई शेजाऱ्यांच्या दारात उभी राहून मालिका बघायची. तिने कुणाला पत्र लिहिलं नाही. ती त्या चार लाखांत नाहीच.

म्हणून आता मी मुलाखती घेते. त्यातही गोची आहे. चाळीस वर्षांपूर्वीची आठवण आणि मागच्या महिन्यात यूट्यूबवर बघितलेला भाग यांची सरमिसळ होते. ‘भागवंती कशी वाटायची?’ असं विचारलं की लोक मला आवडेल असं उत्तर देतात. आता मी ते विचारतच नाही. टीव्ही कुठल्या खोलीत होता, खुर्चीवर कोण बसायचं, तुम्ही कुठे होतात, एवढंच विचारते.

परवा एक आजी म्हणाल्या, "बघायला कुठे मिळायचं बाई, मागचं आवरत ऐकायचे मी." भागवंतीचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. आवाज आठवत होता.