खुराक आणि वजनकाटा

राजर्षी शाहूंनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि पैलवानाचे शरीर हा कोल्हापुरात साऱ्या गावाच्या चर्चेचा विषय झाला. गंगावेस, मोतीबाग अशा तालमींत जोर-बैठकांइतकेच महत्त्व खुराकाला. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी कुंडीत घोटायची, दूध ओतून थंडाई करायची. जोडीला तूप, मटण. मोडलेले कान तर मिरवायचेच. खुराकाचा हा खर्च गरीब घराला कसा झेपायचा, याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नसे.

स्पर्धांतल्या वजनगटांनी हा हिशेब उलटवला. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. आता अंग कमावायचे आणि स्पर्धेआधी उतरवायचेही. जेवण तोडायचे, पाणी बंद करायचे, जाड कपडे घालून घाम गाळायचा आणि वजन झाले की जेवणावर आडवा हात मारायचा. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेजवयीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले, तेव्हा तिथले नियम बदलले. उलट, कुस्ती सुटलेल्या पैलवानाची मेहनत थांबते, खुराकाची सवय जात नाही. मग वाढत्या पोटावरून टोमणे मारायला तेच गाव पुढे असते.