समजणे, पुढे जाणे आणि तोंड देणे : इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्जचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्रात सन 2000 पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जाऊ लागला. तरीही महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या, विशेषतः ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला इंग्रजीची जी अंगे परकी वाटतात, त्यांत फ्रेजल व्हर्ब्जचे स्थान वरचे आहे. ‘टॉलरेट’ हा शब्द कोशात पाहून तो लक्षात ठेवता येतो. परंतु ‘पुट अप विथ’ या तीन सोप्या शब्दांचा अर्थ ‘सहन करणे’ असा का व्हावा, याचे उत्तर त्याला मिळत नाही. ‘पुट’ ठाऊक आहे, ‘अप’ ठाऊक आहे, ‘विथ’ही ठाऊक आहे, अर्थ मात्र तिन्हींच्या बाहेर उभा आहे. व्याकरणाच्या प्रचलित पुस्तकांत अशा क्रियापदांच्या वर्णानुक्रमे याद्या दिलेल्या असतात व त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या जातात. ही क्रियापदे भाषेत आली कोठून, याचा विचार क्वचितच केला जातो. आकलन, प्रगती आणि अडचणींचा सामना हे मानवी अनुभवाचे तीन मूलभूत विषय होत. इंग्रजी भाषकाने हे अनुभव व्यक्त करण्यासाठी फ्रेजल व्हर्ब्जचा जो मोठा साठा निर्माण केला, त्याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे

1. फ्रेजल व्हर्ब्जची निर्मिती व विकास यांचे टप्पे पाहणे.
2. आकलन, प्रगती व अडचणी या अर्थक्षेत्रांतील निवडक क्रियापदांच्या आधारे अर्थांतराची प्रक्रिया समजून घेणे.
3. मराठी व संस्कृतमधील समांतर रचनांशी तुलना करून अध्यापनासाठी काही दिशा सुचविणे.

उपसर्गाकडून अव्ययाकडे

जुन्या इंग्रजीत क्रियापदाचा अर्थ बदलण्यासाठी प्रामुख्याने उपसर्ग वापरले जात. आजचे ‘अंडरस्टँड’ हे त्याच काळाचे अवशेष आहे. त्यातील ‘अंडर’चा अर्थ ‘खाली’ असा नसून ‘मध्ये’ किंवा ‘निकट’ असा असावा, असे व्युत्पत्तिकारांचे मत आहे. एखाद्या गोष्टीच्या मध्यभागी उभे राहणे म्हणजे ती समजणे. याच अर्थाचे ‘ऑनगिएतन’ हे दुसरे क्रियापद त्या भाषेत होते; ते पुढे लुप्त झाले. त्याच धातूपासून बनलेले ‘फरगेट’ मात्र टिकले. मिळविणे या अर्थाचा धातू समजण्यासाठी वापरण्याची ही जुनी प्रवृत्ती आजच्या बोलीतील ‘आय गेट इट’ या प्रयोगात पुन्हा दिसते, हे लक्षणीय आहे.

नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातून आलेले लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागात स्थायिक झाले. आज फ्रेजल व्हर्ब्जमध्ये सर्वाधिक वावरणाऱ्या क्रियापदांपैकी ‘गेट’ आणि ‘टेक’ ही दोन क्रियापदे त्यांच्या नॉर्स भाषेतून आलेली आहेत. ‘टेक’ने ‘निमन’ या मूळच्या इंग्रजी क्रियापदाला हद्दपार केले. नॉर्स भाषेत क्रियापदानंतर स्वतंत्र अव्यय ठेवण्याची पद्धत रूढ होती. तिचा इंग्रजीवर प्रभाव पडला असे काही अभ्यासक मानतात, तर इंग्रजीच्या स्वतःच्या वाक्यरचनेतील बदल, म्हणजे क्रियापद कर्माच्या आधी येऊ लागणे, हे अन्य काहींना अधिक महत्त्वाचे कारण वाटते. दोन्ही कारणे परस्परपूरक असण्याचा संभव अधिक. उपसर्गांची शक्ती क्षीण होत गेली आणि त्यांचे कार्य क्रियापदामागून येणाऱ्या ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांसारख्या अव्ययांनी हाती घेतले.

या संक्रमणाचा एक बोलका पुरावा ‘पीटरबरो क्रॉनिकल’ या वृत्तांतात आढळतो. स्टीफन राजाच्या कारकिर्दीतील अंदाधुंदीचे वर्णन करताना 1137 या वर्षाच्या नोंदीत, कैदेत टाकलेल्या व्यक्तींनी आपले किल्ले स्वाधीन करीपर्यंत त्यांना सोडले नाही, अशा आशयाचा उल्लेख असून तेथे ‘गिव्ह अप’चे तत्कालीन रूप वापरलेले आहे. अर्थ अगदी मूर्त आहे : किल्ला देऊन टाकणे. पुढे किल्ल्याच्या जागी आशा, प्रयत्न व सवय ही कर्मे आली आणि अखेरीस कर्माचीही गरज उरली नाही. आज परीक्षेत अपयश आलेल्या विद्यार्थ्याला ‘गिव्ह अप’ करू नकोस असे सांगताना कोणाच्याही मनात किल्ला नसतो. परंतु शरणागतीची छटा त्या शब्दात शिल्लक आहे.

दोन शब्दसंपदांचे सहअस्तित्व

1066 मधील नॉर्मन विजयानंतर राज्यकारभार, न्याय व उच्च शिक्षण यांत फ्रेंच व लॅटिन भाषांचे वर्चस्व निर्माण झाले. परिणामी एकाच अर्थाची दोन क्रियापदे इंग्रजीत शेजारी शेजारी नांदू लागली. ‘कॉम्प्रिहेंड’ व ‘टेक इन’, ‘प्रोसीड’ व ‘गो ऑन’, ‘सरमाउंट’ व ‘गेट ओव्हर’, ‘टॉलरेट’ व ‘पुट अप विथ’, ‘सरेंडर’ व ‘गिव्ह अप’ या जोड्या पाहाव्यात. पहिले रूप ग्रंथाचे, दुसरे घराचे.

येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावी लागते. लॅटिन शब्दांतही मुळात हीच रूपके दडलेली आहेत. ‘कॉम्प्रिहेंड’ म्हणजे पकडणे, ‘प्रोग्रेस’ म्हणजे पाऊल पुढे टाकणे, ‘सरमाउंट’ म्हणजे वर चढून जाणे. फरक एवढाच की, लॅटिन उपसर्ग शब्दात विरघळून गेल्याने सामान्य इंग्रजी भाषकाला ते रूपक दिसेनासे झाले, तर फ्रेजल व्हर्बमध्ये ते उघडे राहिले. त्यामुळे फ्रेजल व्हर्ब्ज ग्राम्य किंवा कमी दर्जाची आहेत, ही समजूत भाषेच्या इतिहासावर नव्हे, तर सामाजिक प्रतिष्ठेच्या इतिहासावर आधारलेली आहे असे म्हणावे लागते.

पुढील काळात तर फ्रेंच मूळ असलेली क्रियापदेही या देशी साच्यात ओतली गेली. ‘कॅरी ऑन’मधील ‘कॅरी’, ‘फेस अप टू’मधील ‘फेस’ आणि अमेरिकन इंग्रजीत रुजलेल्या ‘फिगर आउट’मधील ‘फिगर’ हे तिन्ही शब्द मूळचे फ्रेंच. ‘फिगर’ म्हणजे आकडा. आकडेमोड करून उत्तर बाहेर काढणे यावरून कोणतीही गुंतागुंत उलगडणे हा अर्थ आला.

कोशकार व वैयाकरण यांची दृष्टी

सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्रजीला लॅटिनच्या शिस्तीत बसविण्याचे प्रयत्न झाले. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवणे हा दोष होय, असे जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये प्रतिपादन केले व पुढे स्वतःच्या लेखनातूनही असे प्रयोग काढून टाकले. या नियमाची थट्टा करणारे ‘पुट अप विथ’वरील एक प्रसिद्ध वाक्य विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर सांगितले जाते; मात्र ते त्यांचेच असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही.

या पार्श्वभूमीवर सॅम्युएल जॉन्सन यांची भूमिका अधिक उदार होती. 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी क्रियापद व अव्यय यांच्या संयोगाची स्वतंत्र दखल घेतली. परकीयांना सर्वाधिक अडचण येथेच येते हे त्यांनी नमूद केले आणि असे प्रयोग काळजीपूर्वक नोंदविल्याने ती अडचण यापुढे दुर्लंघ्य राहणार नाही, असा विश्वास व्यक्त केला. आज मराठी विद्यार्थ्यापुढे असलेला प्रश्न अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका इंग्रज कोशकाराने ओळखला होता.

शास्त्रीय अभ्यास मात्र विसाव्या शतकातच सुरू झाला. आर्थर केनेडी यांचा या रचनांवरील प्रबंध 1920 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअर्सॉल स्मिथ यांनी 1925 च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथात रूढ केली. ती ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली होती. 1930 मध्ये सी. के. ऑग्डन यांनी 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली व त्यात केवळ 18 क्रियापदे ठेवली. उरलेली कामे ‘गो’, ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांना अव्यये जोडून भागवायची होती. परंतु शब्दसंख्या घटली तरी अर्थांचे ओझे घटले नाही; ते फ्रेजल व्हर्ब्जच्या खांद्यावर आले. ज्यांच्यासाठी ही योजना होती, त्या परकीय विद्यार्थ्यांनाच त्या अवघड जाणार होत्या.

त्यानंतर विद्यार्थ्यांना केंद्रस्थानी ठेवणारे कोश तयार झाले. हॉर्नबी व त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश 1942 मध्ये टोकियो येथे प्रकाशित झाला. काउई व मॅकिन यांचा 1975 चा कोश, कोर्टनी यांचा 1983 चा कोश आणि 1989 चा कोबिल्ड कोश हे केवळ अशा क्रियापदांना वाहिलेले महत्त्वाचे टप्पे होत. गार्डनर व डेव्हिस यांनी 2007 मध्ये सुमारे दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश संग्रहाचे विश्लेषण करून दाखविले की, केवळ 100 फ्रेजल व्हर्ब्ज अशा सर्व प्रयोगांपैकी निम्म्याहून थोडे अधिक प्रयोग व्यापतात. याचा अर्थ हजारोंची यादी पाठ करण्याची आवश्यकता नाही.

तीन अर्थक्षेत्रे

लेकॉफ व जॉन्सन यांनी 1980 मध्ये मांडलेल्या विचारानुसार अमूर्त अनुभव मूर्त अनुभवांच्या रूपकांतून समजले जातात. या दृष्टीने पाहता तिन्ही क्षेत्रांतील क्रियापदांत एक सुसंगती दिसते.

आकलन म्हणजे पकडणे, आत घेणे किंवा बाहेर काढणे : ‘कॅच ऑन’, ‘टेक इन’, ‘वर्क आउट’, ‘मेक आउट’. येथे ‘आउट’ म्हणजे अंधारातून उजेडात. प्रगती म्हणजे वाटचाल : ‘गेट ऑन’, ‘मूव्ह ऑन’, ‘गेट अहेड’, ‘कॅच अप’, आणि तिच्या उलट ‘फॉल बिहाइंड’. अडचण म्हणजे वाटेतील अडथळा किंवा ओझे : ती समोर येते तेव्हा ‘कम अप अगेन्स्ट’, ओलांडली जाते तेव्हा ‘गेट ओव्हर’, पार केली जाते तेव्हा ‘गेट थ्रू’, आणि वाहिली जाते तेव्हा ‘बेअर अप’. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस, 1939 मध्ये, ब्रिटिश सरकारने जनतेसाठी छापलेल्या एका भित्तिपत्रकात ‘कॅरी ऑन’ हाच प्रयोग होता. त्या वेळी ते फारसे लावले गेले नाही. 2000 मध्ये एका पुस्तकाच्या दुकानात त्याची प्रत सापडल्यानंतर ते जगभर पोहोचले. संकटकाळी राज्यसंस्थेनेही ‘प्रोसीड’ न म्हणता घरातला शब्द निवडला, हे सूचक आहे.

मराठी व संस्कृतशी तुलना

संस्कृतात याच अर्थक्षेत्रांसाठी उपसर्गयुक्त धातू आहेत : ‘अवगम’, ‘आकलन’, ‘प्रगती’. वैदिक भाषेत उपसर्ग धातूपासून दूर, क्वचित त्याच्या नंतरही येत असे. पाणिनीने ही वैदिक सूट स्वतंत्र सूत्रांनी नोंदविली आहे. अभिजात संस्कृतात तो धातूच्या आधी पक्का बसला. म्हणजे संस्कृतातील उपसर्ग सुटेपणाकडून बद्धतेकडे गेला, तर इंग्रजीचा प्रवास बद्ध उपसर्गाकडून सुट्या अव्ययाकडे झाला.

मराठीने तिसरा मार्ग स्वीकारला. संयुक्त क्रियापद हे भारतीय भाषांचे एक समान लक्षण असल्याचे कॉलिन मॅसिका यांनी 1976 मध्ये दाखविले आहे. ‘समजून घेणे’, ‘कळून चुकणे’, ‘सोडून देणे’, ‘निभावून नेणे’ या रचनांत दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ बहुतांशी गमावते. ‘कळून चुकणे’ यात चूक नसते, ‘खाऊन टाकणे’ यात काही टाकले जात नाही. ‘ईट अप’मध्येही वर काही जात नाही. ‘टाकणे’ आणि ‘अप’ दोन्ही येथे क्रियेची पूर्णता दाखवितात. ‘समजून घेणे’ व ‘टेक इन’ यांत ‘घेणे’ समान आहे. ‘तडीस नेणे’ व ‘कॅरी थ्रू’ यांत ‘नेणे’ समान आहे. तथापि ही तुलना मर्यादेतच वापरली पाहिजे. इंग्रजी अव्ययाला स्थानाचे नियम आहेत : ‘फिगर इट आउट’ म्हणता येते, ‘फिगर आउट इट’ म्हणता येत नाही, आणि ‘गेट ओव्हर इट’मध्ये मात्र सर्वनाम शेवटीच येते. मराठीत अशी अडचण उद्भवत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. फ्रेजल व्हर्ब्ज हा इंग्रजीतील अपवादांचा ढीग नसून उपसर्गांच्या ऱ्हासातून निर्माण झालेली एक नियमबद्ध व्यवस्था आहे. लॅटिन व देशी शब्दांतील दर्जाभेद हा सामाजिक इतिहासाचा परिणाम आहे. या क्रियापदांचे अर्थ मूर्त कृतीकडून अमूर्त अनुभवाकडे सरकलेले आहेत व ती वाट विद्यार्थ्याला दाखविता येते.

म्हणून वर्णानुक्रमे यादीऐवजी अर्थक्षेत्रानुसार मांडणी, सर्वाधिक वापरातील क्रियापदांना प्राधान्य आणि मराठी संयुक्त क्रियापदांचा आधार या त्रिसूत्रीने अध्यापन करणे उचित ठरेल. पाठांतरात मागे पडलेला विद्यार्थी स्वतःला इंग्रजीसाठी अपात्र समजू लागतो, ही या विषयातील खरी हानी होय. ‘कळून चुकणे’ आणि ‘निभावून नेणे’ ज्याच्या तोंडी लहानपणापासून आहे, त्याला अशा रचनेचे तत्त्व परके नाही. त्याच्याजवळ असलेले हे भाषिक भांडवल त्याच्या नजरेस आणून देणे, हे इंग्रजीच्या अध्यापकाचे तसेच मराठीच्या अध्यापकाचेही काम आहे.