गावाची वास्तू, गावाचा कारभार



गावातल्या समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. पण भूम तालुक्यातले ईट घ्या, नाहीतर तुमचे स्वतःचे गाव घ्या, आणि पारावर बसलेल्या चार माणसांना विचारून पाहा. एकजण सरपंचाचे नाव घेईल, दुसरा ग्रामसेवकाचे, तिसरा शिपायाचे. कित्येक गावांत वास्तू सरकारच्या पैशाने उभी असते आणि दाराला कुलूप असते. मग गावातली तरुण मंडळी पुढे येतात आणि म्हणतात, ‘‘आमच्या मंडळाच्या ताब्यात द्या, आम्ही चालवून दाखवतो.’’ द्यावी का? द्यायची तर कोणत्या अटीवर? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इतिहासाची पुष्कळ मदत होते, कारण हा प्रश्न आपल्याकडे फार वेळा येऊन गेला आहे.

आरंभी अशा जागा लोकांच्याच होत्या. गावच्या तालमीचे उदाहरण घ्या. हौद्यातली लाल माती नुसती आणून टाकली म्हणजे भागत नाही. तिच्यात तेल, ताक, हळद घालावी लागते, ती वरचेवर उकरावी लागते, नाहीतर ती दगडासारखी घट्ट होते. हे सगळे येत होते कोठून? कोणाच्या घरचे ताक, कोणाच्या घाण्याचे तेल, आणि पोरांचे कष्ट. त्यासाठी अंदाजपत्रक लागत नव्हते. शहरांतून वाचनालयेही अशीच वर्गणीवर उभी राहिली. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. त्याच्या उभारणीत लोकहितवादी पुढे होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले आणि आज शंभर वर्षे उलटून गेली तरी ते उभे आहे.

आपल्या मराठवाड्यात मात्र या कामाला वेगळीच धार होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सभा घ्यायची तर परवानगी, खासगी शाळा काढायची तर परवानगी. लोक एकत्र जमले की सरकारचा डोळा त्यांच्यावर. अशा काळात याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले. पुस्तके, व्यायाम आणि देशप्रेम यांचे धडे तिथे एकत्र मिळत. लोकांनी स्वतः चालवलेली संस्था ही त्या वेळी करमणुकीची जागा नव्हती. परक्याच्या हुकमतीत आपले म्हणून राखलेले ते एक अंगण होते. मंडळांविषयी आपल्या भागात जो जिव्हाळा आहे, त्याचे मूळ इथे आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. १९५८ साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. ग्रामपंचायतीने करायच्या कामांची जी यादी कायद्याला जोडली आहे, तिच्यात आखाडे, क्रीडांगणे, वाचनालये यांचा समावेश आहे. म्हणजे जे काम आजवर हौसेचे होते, ते कर्तव्य ठरले. हे फार मोठे पाऊल होते. ज्या गावात दानशूर सावकार नव्हता, त्या गावालाही खोली मिळू लागली.

पण त्याबरोबर एक गोष्ट निसटली. पूर्वी तालमीचे छप्पर गळू लागले तर पोरे ताट्या घेऊन धावत. आता छप्पर गळले की अर्ज लिहितात. अर्ज लिहिणे चूक नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे. पण वास्तू ‘त्यांची’ झाली आणि आपण नुसते ‘लाभार्थी’ झालो, हेही खरे ना?

या दोन टोकांमधली वाट महाराष्ट्राने एका क्षेत्रात काढून पाहिली. १९६७ सालचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा ती वाट दाखवतो. आपल्याकडची गावोगावची वाचनालये सरकारी खाते चालवत नाही. लोकांनी संस्था स्थापन करायची, ती नोंदवायची, पुस्तके जमवायची, वाचक मिळवायचे. आणि शासनाने अ, ब, क, ड असा दर्जा ठरवून अनुदान द्यायचे. कारभार लोकांचा, आधार सरकारचा. अशी हजारो ग्रंथालये राज्यात उभी राहिली. पण तिथेही सगळे सुरळीत झाले असे नाही. २०१२ साली शासनाने राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी केली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्रुटी सापडल्या. अनुदान चालू आणि वाचन बंद, असे जिथे झाले तिथे दोष कायद्याचा नव्हता. गावाने विचारणे सोडले होते.

आता या प्रश्नाची सर्वांत नाजूक बाजू. सार्वजनिक जागा मंडळाच्या हाती गेली, तर आत कोण येणार आणि दाराबाहेर कोण राहणार? यासाठी महाडची आठवण करायलाच हवी. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा अशी ठिकाणे अस्पृश्य मानलेल्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर वाद न्यायालयात गेला. विरोधकांचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाहीच, खासगी आहे. दहा वर्षे हा दावा चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो निकालात निघाला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन रूढी विरोधकांना सिद्ध करता आली नाही.

यातला बोध नीट ध्यानात घ्या. ‘ही जागा सर्वांची’ असे म्हणता आले, म्हणून लढता आले. ‘ही जागा आमच्या मंडळाची’ असे ठरले असते तर? आज आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमाने सार्वजनिक पैशावर चालणारी आणि लोकांना वाहिलेली ठिकाणे सर्वांना खुली केली आहेत. पण दार बंद करायला नेहमी पाटी लागत नाही. नुसत्या नजरेनेही माणूस परत जातो. संध्याकाळी वाचनालयात एकही मुलगी दिसत नसेल, तालमीत अमुक एका आळीचीच पोरे असतील, तर तिथला कारभार अजून गावाचा झालेला नाही, असे समजावे.

कधी प्रवाह उलटाही वाहतो. आपल्या जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर नगर, सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या मूर्ती, नाणी, मणी, खापरे आयुष्यभर वेचून जपली. हा अमोल ठेवा पुढे त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एका माणसाच्या ध्यासाने जमले ते पिढ्यान्‌पिढ्या राखायला शासनाची तिजोरी आणि पहारा लागतो. तेव्हा सरकारकडून काढून लोकांकडे दिले की सगळे भले होते, असेही नाही. कोणत्या वस्तूला कोणता राखणदार, हे पाहावे लागते.

मुंबईने तर याचा कटू अनुभव घेतला. तिथे महापालिकेची मैदाने आणि उद्याने सांभाळण्यासाठी संस्थांकडे देण्यात आली. काही नागरिक मंडळांनी ती उत्तम राखली. काही ठिकाणी मात्र राजकीय पुढाऱ्यांच्या संस्था आल्या, क्लब उभे राहिले आणि मैदानावर खेळणारे पोर कुंपणाबाहेर गेले. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले, तेव्हा एवढा विरोध झाला की मुख्यमंत्र्यांना ते थांबवावे लागले.

इंग्लंडातही हाच पेच पडला. लंडनमधल्या ग्रिनिच भागातील पालिकेला पैशाची ओढाताण होऊ लागली, तेव्हा १९९३ साली तिथली क्रीडाकेंद्रे कामगारांचा वाटा असलेल्या एका ना-नफा संस्थेकडे सोपवण्यात आली. ती संस्था पुढे वाढली. २०११ च्या कायद्याने तिथल्या लोकांना आपल्या भागातली वास्तू विक्रीला निघाल्यास ती घेण्यासाठी पुढे येण्याची संधी दिली. पण पालिकांनी खर्चाला कात्री लावल्यावर अनेक वाचनालये स्वयंसेवकांच्या गळ्यात पडली, आणि पगारी ग्रंथपालाचे काम फुकट करणार कोण, हा प्रश्न उरलाच. जबाबदारी देणे आणि जबाबदारी झटकणे, दोन्ही दिसायला सारखी असतात. फरक कळतो तो पुढच्या वर्षीच्या वीजबिलाला.

मग गावाने करावे काय? पहिली गोष्ट, मालकी ग्रामपंचायतीचीच राहावी. मंडळाकडे फक्त चालवण्याचे काम द्यावे आणि तेही ठरावीक मुदतीने. दुसरी, ठराव भर ग्रामसभेत व्हावा, बंद खोलीत नको. आणि जिथे वरची मंजुरी लागते तिथे ती आधी घ्यावी. तिसरी, मंडळ रीतसर नोंदलेले असावे आणि त्याच्या समितीत सर्व आळ्यांची माणसे व स्त्रिया असाव्यात. चौथी, जमाखर्च दर वर्षी फळ्यावर लागावा. पाचवी, डागडुजी, वीज आणि पाणी यांचा खर्च कोणी करायचा, हे आधी लिहून घ्यावे. आणि शेवटची, उघडण्याची वेळ दारावर मोठ्या अक्षरांत रंगवावी. ती पाळली जाते की नाही, हे शाळकरी पोरसुद्धा सांगू शकेल. त्याहून चांगला तपासनीस कोठे मिळणार?

शिक्षक मित्रांना एक विनंती. येत्या ग्रामसभेपूर्वी वरच्या वर्गातल्या मुलांना गावातल्या सार्वजनिक वास्तूंची यादी करायला सांगा. वास्तू कोणती, कोणत्या साली बांधली, पैसा कोणाचा, किल्ली कोणाकडे, आत कोण येते, एवढे पाचच रकाने करा. गावाचा इतिहास लिहायला याहून मोठे साधन लागत नाही. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. पुढचे काय ते मग गाव ठरवील.