वसाहती सत्तेची लोकोपयोगी बांधकामे : व्हिएतनाम आणि नायगाव

परकीय सत्तेचे समर्थन करताना तिने बांधलेल्या पुलांचा, लोहमार्गांचा व इमारतींचा दाखला देण्याची प्रथा जुनी आहे. या दाखल्याचे मोल ठरवावयाचे तर बांधकामाचा भार कोणी वाहिला आणि निर्णय कोणी घेतला, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. फ्रेंचांचा व्हिएतनाम व ब्रिटिशांची मुंबई यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

दोन्ही ठिकाणी सत्ता भिन्न मार्गांनी आली. मुंबई बेट १६६१ च्या विवाहतहाने पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे गेले. व्हिएतनाम मात्र शस्त्रबळाने जिंकला गेला. १८५८ मध्ये फ्रेंचांनी दानांगवर हल्ला केला व १८५९ मध्ये सायगॉन घेतले. १८६२ च्या तहाने दक्षिणेचे तीन प्रांत त्यांना मिळाले, १८६७ मध्ये आणखी तीन. आणि १८८३-८४ च्या तहांनी अन्नम व तोंकिन त्यांच्या संरक्षणाखाली गेले.

१८९७ ते १९०२ या काळात गव्हर्नर-जनरल असलेल्या पॉल दूमेर याने मीठ, अफू व मद्य यांच्या सरकारी मक्त्यांवर वसाहतीचा मध्यवर्ती अर्थसंकल्प उभा केला. हानोईजवळील लाल नदीवरचा पूल १९०२ मध्ये पुरा झाला. त्यास दूमेरचेच नाव दिले गेले. युन्नानकडे जाणारा लोहमार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला. कर्ज काढून केलेल्या या कामांचा भार अखेरीस मीठ विकत घेणाऱ्या शेतकऱ्यावर पडला. त्याचे मत मात्र कोणी विचारले नाही.

मुंबईतील चित्र सौम्य असले तरी त्याची घडण ओळखीची आहे. १९१९ व १९२० च्या जानेवारीत गिरणी कामगारांचे मोठे संप झाले. १९२० मध्येच गव्हर्नर जॉर्ज लॉइड याच्या पुढाकाराने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळींत सुमारे १६,५०० खोल्या झाल्या. त्यांपैकी नायगावात ४२ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, सुमारे १६० चौरस फुटांची एकेक खोली आणि सामाईक शौचकूप, असा त्यांचा साचा. खोली कशी असावी हे तीत राहणाऱ्यास विचारले गेले नव्हते. वरळीच्या कित्येक खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात तेथील काही चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. घर आणि कोठडी यांतील अंतर किती थोडे होते, हे यावरून दिसते.

तुलनेला मर्यादा आहेत. मुंबईचा कर प्रथम व्यापाऱ्यावर पडला, मिठावर नव्हे. येथे कायदेमंडळ होते व वृत्तपत्रांतून टीका होत असे. व्हिएतनामी रयतेला एवढीही सोय नव्हती. तरीही दोन्हीकडे लोक हे योजनेचे विषय होते, तिचे कर्ते नव्हते.

नायगावच्या चाळींना पुढे जे सामाजिक जीवन लाभले ते रहिवाशांनी घडविले. लॉइडच्या आराखड्यात ते नव्हते. २०१७ पासून म्हाडामार्फत या चाळींचा पुनर्विकास हाती घेण्यात आला. चाळी गेल्या तरी वसाहती बांधकामांचा हिशेब मांडताना सरकारने काय बांधले आणि लोकांनी त्याचे काय केले, या दोन नोंदी वेगवेगळ्या खात्यांतच ठेवल्या पाहिजेत.